ईसीजी नॉर्मल, एको नॉर्मल आणि तरी ९० टक्के ब्लॉक: माझ्या अँजिओप्लास्टीचा अनुभव

मला पाच महिन्यांपूर्वी हृदयाच्या नसेत एक स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसला. वय ५४, बीपीची गोळी सात वर्षं चालू, शुगर नाही, कोलेस्टेरॉल 'थोडं जास्त' असं रिपोर्टवर दरवर्षी यायचं आणि मी दरवर्षी तो कागद फाईलला लावून टाकायचे. आधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे हे पाच, जे जे झालं ते लिहून काढतेय, कारण तेव्हा मी स्वतः रात्र रात्र शोधत बसायचे की कुणीतरी साध्या भाषेत सांगेल का टेबलावर नक्की काय होतं, आणि मिळायचं ते एकतर घाबरवणारं नाहीतर सगळं डॉक्टरी. लांब झालंय, सवडीने वाचा.

सुरुवात जबड्यापासून झाली. छातीत दुखणं वगैरे काही नव्हतं. ऑफिसचे दोन जिने चढले की खालचा जबडा दोन्ही बाजूंनी आवळून यायचा, दात जोरात दाबून धरल्यावर कसं होतं तसं, आणि गळ्यापाशी काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. वर जाऊन खुर्चीत टेकले की तीन-चार मिनिटांत सगळं गायब. इतकं गायब की दुपारपर्यंत मी विसरूनही जायचे. आधी वाटलं दाताचं असेल, मग वाटलं पित्त असेल. एका दवाखान्यात दाखवलं तर तिथेही पित्तच ठरलं, वर 'या वयात बायकांना असं काही ना काही होतंच' हेही ऐकून घेतलं, आणि महिनाभर मी रोज सकाळी उपाशीपोटी ती पित्ताची गोळी घेत राहिले. त्या वाया गेलेल्या महिन्याचा मला अजूनही राग येतो. कारण एक साधा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही, जो नंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिल्या दोन मिनिटांत विचारला, "चढताना येतं आणि थांबलं की जातं, असं आहे का?" मी म्हटलं हो, अगदी असंच. ते म्हणाले, "ताई, पित्त जिना बघून येत नाही."

मग त्यांनी समजावलं की हृदयाच्या स्नायूला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात, त्यातली एखादी आतून अरुंद झाली तरी बसल्या जागी पुरेसं रक्त मिळत राहतं, पण जिना चढताना हृदयाला जास्त लागतं आणि तेवढं मिळत नाही, तेव्हा ते कुरकुरतं. त्याला अंजायना म्हणतात. आणि ते कुरकुरणं दर वेळी छातीतच येतं असं नाही, जबडा, गळा, पाठ, डावा हात, नुसती धाप, नुसता थकवा, काहीही असू शकतं, बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये तर हे बरंच दिसतं.

तिथेच ईसीजी काढला. छातीवर सहा आणि हातापायांना चार असे दहा इलेक्ट्रोड, त्यातून बारा वेगवेगळ्या बाजूंनी हृदयाच्या विजेची रेघ कागदावर उमटते, प्रत्यक्ष नोंद जेमतेम दहा सेकंदांची. नॉर्मल आला. मला इतकं हायसं वाटलं की मी पर्स उचलून उठलेच होते. तर डॉक्टर म्हणाले बसा, "हा कागद एवढंच सांगतो की आत्ता, झोपलेल्या अवस्थेत, तुमच्या हृदयाला त्रास नाहीये. तुम्हाला त्रास जिन्यावर होतो ना?"

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांत मला त्याचाच आधार झाला. प्रत्येक तपासणी एका ठराविक प्रश्नाचं उत्तर देते, तिच्याकडून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन घरी आलं की घात होतो. आपण लोक रिपोर्टवर 'नॉर्मल' हा शब्द बघतो आणि सुटलो म्हणतो. मी पण तेच करणार होते.

त्याच संध्याकाळी रक्त दिलं. हिमोग्लोबिन (कमी असेल तर नुसत्या त्यानेही धाप लागते), थायरॉईड, शुगर, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि ट्रोपोनिन. ट्रोपोनिनचं जरा सांगते कारण घरात सगळे त्यालाच धरून बसले होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रोटीन रक्तात येतं, आणि ते वाढायला काही तास लागतात म्हणून अटॅकचा संशय असला की काही तासांनी परत रक्त घेतात. माझं ट्रोपोनिन ठीक होतं, म्हणजे स्नायूला अजून इजा झालेली नव्हती. नस अरुंद आहे की नाही हे त्याला विचारायचंच नसतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र १४२ निघालं.

दोन दिवसांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे टूडी एको. डाव्या कुशीवर झोपवतात, थंडगार जेल लावून सोनोग्राफीसारखाच प्रोब बरगड्यांच्या मध्ये दाबून फिरवतात, थोडं दुखतं. स्क्रीनवर झडपा उघडमीट करताना दिसतात, मधेच आवाज चालू केला की रक्ताचा फस् फस् असा आवाज येतो, मला तो ऐकून उगाचच रडू आलं. इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के म्हणजे चांगलं, एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो हा आकडा, झडपा ठीक, भिंतींची हालचाल ठीक. परत नॉर्मल. पण या वेळी मी उठले नाही, विचारलं, "हे पण झोपलेल्या अवस्थेतलंच ना?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, आता तुम्हाला जिना चढवू.

तो जिना म्हणजे टीएमटी, ट्रेडमिल टेस्ट. छातीला वायरी, दंडाला बीपीचा पट्टा आणि चालायला सुरुवात. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही वाढतो. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ताशी ४ आणि १२ टक्के. ऐकायला काहीच वाटत नाही पण चढ असल्यामुळे पोटऱ्या बोलायला लागतात. २२० मधून वय वजा करून त्याच्या ८५ टक्के ठोक्यांपर्यंत जायचं असतं, म्हणजे माझं साधारण १४१. मी १२४ वरच थांबले. पाच मिनिटं झाली होती, जबडा आवळायला लागला, मी दात चावून अजून थोडं चालू म्हणून गप्प राहिले तर तिथल्या टेक्निशियन मुलीने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काकू, काही होतंय का? होत असेल तर सांगा, इथे सहन करायचं नसतं." मी सांगितलं. तोवर स्क्रीनवरची ईसीजीची रेघ दोन मिलिमीटर खाली बसली होती, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं. पट्टा थांबवला, मला आडवं केलं, आणि रेघ वर यायला पाच-सहा मिनिटं लागली, ती पूर्ण वेळ डॉक्टर शेजारी उभे होते.

या टेस्टलाही चकवे असतात बरं का. नसा चांगल्या असूनही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, बायकांमध्ये हे जास्त होतं, त्यामुळे नुसत्या कागदावरून कुणी लगेच टेबलावर चढवत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा. माझ्या बाबतीत दुसऱ्याच टप्प्यात रेघ बसली आणि जिन्यावर येतो तोच त्रास तिथे आला, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून डॉक्टरांना शंका उरली नाही. मी सीटी अँजिओचंही विचारलं होतं, ती हातातल्या नसेतून डाय (एक्सरेत नसा उठून दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) देऊन सीटी मशीनमध्ये काढतात, नळी आत घालायला लागत नाही. ते म्हणाले, शंका कमी असते आणि ब्लॉक 'नाही' हे पक्कं करायचं असतं तेव्हा ती फार चांगली, तुमच्यात आहेच असं दिसतंय, मग कुठे आणि किती हे नीट बघणारी, नळी आत घालून करायची अँजिओच करू.

पण त्यांनी लगेच ॲडमिट केलं नाही. ॲस्पिरिन, अटोर्व्हास्टॅटिन, ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल आणि जिभेखाली ठेवायची एक गोळी, अशी औषधं देऊन दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. जिभेखालच्या गोळीबद्दल त्यांनी तीनदा बजावलं ते मी इथेही सांगते. ती उभ्याने घ्यायची नाही, बसून घ्यायची, कारण बीपी एकदम उतरून चक्कर येते. आणि गोळी ठेवून पाच मिनिटांत कळ गेली नाही किंवा बसल्या जागी, झोपेत त्रास सुरू झाला, तर फोनाफोनी करत बसायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स.

औषधांनी फरक पडला, कळ कमी झाली, पण गेली नाही. दोनऐवजी तीन जिन्यांनी यायची एवढंच.

अँजिओच्या तीन दिवस आधी मी आणि नवरा परत डॉक्टरांना भेटायला गेलो, एक वही घेऊन. ही भेट घ्याच असं मी ज्याला त्याला सांगते. माझ्या चुलत बहिणीच्या वेळी असं झालं होतं की ती टेबलावर, हातात नळी, आणि तिच्या मुलाला आत बोलावून स्क्रीन दाखवून सांगितलं की दोन ब्लॉक आहेत, स्टेंट टाकायचे का बोला, लगेच सांगा. त्या पोराने काय सांगायचं? तो सही करून बाहेर आला आणि नंतर वर्षभर त्याच्या मनात तेच, की मी बरोबर केलं का. ते दोन्ही स्टेंट गरजेचे असतीलही, मला माहीत नाही. पण ठरवायची ती वेळ नव्हती.

म्हणून मी वहीत पहिला प्रश्न हाच लिहिला होता, की काही सापडलं तर तुम्ही काय करणार? डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढलं. महाधमनीतून दोन फांद्या निघतात. डावीकडची सुरुवातीला एकच जाड, तिला लेफ्ट मेन म्हणतात, मग तिच्या दोन होतात, पुढून खाली उतरणारी एलएडी आणि वळसा घेऊन मागे जाणारी सर्कमफ्लेक्स. उजवीकडची आरसीए. म्हणाले, "लेफ्ट मेनमध्ये किंवा तिन्हींत मोठे ब्लॉक दिसले तर मी काहीही न करता नळी बाहेर काढणार, मग सर्जनसोबत बसून बायपासचा विचार करू. एखाद्याच नसेत ९० टक्क्यांच्या आसपास दिसला आणि तुमचा त्रास त्याने समजत असेल तर तिथेच स्टेंट. आणि मधला काहीतरी दिसला, ५०-६० टक्के, तर डोळ्यांवर विश्वास न ठेवता प्रेशर वायरने मोजणार."

नवऱ्याने विचारलं, स्टेंट टाकला की अटॅकचा धोका गेला ना? यावर ते जे बोलले ते मला फार प्रामाणिक वाटलं. म्हणाले अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वादच नाही. पण तुमच्यासारख्या स्थिर पेशंटमध्ये स्टेंट मुख्यतः त्रास कमी करतो. इस्केमिया नावाचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला, ३७ देशांतले ५,१७९ पेशंट, लेफ्ट मेनवाले त्यात घेतलेले नव्हते. आधीच अँजिओ करून स्टेंट किंवा बायपास केलेले आणि आधी नुसती औषधं दिलेले, या दोन गटांत साधारण तीन वर्षांत मृत्यू जवळजवळ सारखेच झाले, ज्यांना अंजायना होता त्यांना मात्र प्रोसिजरने जास्त आराम पडला. म्हणजे पुढचं आयुष्य सांभाळणार ती गोळ्या, बीपी, चालणं. स्टेंट तुमचा जिना सोपा करेल. नवरा गाडीत बसेपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, "अगं, मला वाटलं होतं एकदा स्टेंट टाकला की संपलं."

आदल्या रात्री मला झोप नव्हती, वाचत बसले. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समन नावाच्या जर्मनीतल्या एका तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि ती तशीच आत ठेवून चालत एक्सरे खोलीपर्यंत गेला, फोटोत नळीचं टोक हृदयात दिसलं. तोवर सगळ्यांना वाटायचं हृदयाला आतून हात लावला की माणूस संपला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आणि फुग्याने नस उघडायची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिचला १६ सप्टेंबर १९७७ ला केली, ३८ वर्षांच्या माणसावर, पूर्ण जागा असताना. का कोण जाणे पण या दोन गोष्टी वाचून माझी भीती खूप उतरली. मला वाटत राहिलं की उद्या जे माझ्या हातातून आत जाणार आहे ते कुणीतरी आधी स्वतःच्या हातातून घालून बघितलंय.

सकाळी उपाशी. मनगट आणि जांघ दोन्हीकडचे केस काढले, मनगटातून जमलं नाही तर जांघेतून जातात म्हणून. डायची ॲलर्जी आहे का, किडनीचा त्रास आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत हे चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेळा विचारलं, चिडू नका, चारही वेळा नीट सांगा. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर आवर्जून सांगा, किडनी बघून ती काही वेळा थोडे दिवस थांबवतात. मग सिस्टरने माझी मूठ आवळायला लावली आणि मनगटाच्या दोन्ही नसा अंगठ्यांनी दाबून धरल्या. मूठ उघडली तर तळवा पांढराफटक, खडूसारखा. तिने एका बाजूचा अंगठा सोडला आणि करंगळीकडून गुलाबी रंग हळूहळू सगळ्या हातावर पसरत गेला. म्हणाली, "एक नस आम्ही वापरली तरी दुसरीवर हात जगतो का, ते बघतो काकू." मी कितीतरी वेळ त्या हाताकडेच बघत होते.

कॅथ लॅब, म्हणजे अँजिओ करतात ती खोली, म्हणजे नुसता गारठा. टेबल अरुंद, अंगावर हिरवी चादर, वर गोल फिरणारं एक्सरेचं मोठं डोकं, आणि सगळी माणसं शिशाचे जड एप्रन घालून. भूल फक्त मनगटापुरती, एक टोचल्यासारखं, नंतर दाबल्यासारखं. नस आकसू नये म्हणून एक औषध सोडतात तेव्हा कोपरापर्यंत अर्धा मिनिट आग आग होते, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी दचकले, तर तुम्हाला सांगून ठेवते. त्यानंतर नळी दंडातून खांद्यातून आत गेली हे कळलंसुद्धा नाही, रक्तवाहिनीला आतून ती जाणीवच नसते. डाय सोडला की छातीत थोडी ऊब वाटते. आणि स्क्रीनवर एकदम काळं झाड उगवतं, बिनपानांचं, बारीक बारीक फांद्यांचं, आणि ते झाड ठोक्यागणिक हलतं. मग दोन सेकंदांत विरून जातं. "श्वास घ्या, रोखा, सोडा." परत दुसऱ्या कोनातून झाड.

पुढच्या फांदीत, एलएडीत, सुरुवातीच्या भागात कुणीतरी दोऱ्याने करकचून बांधल्यासारखी जागा मला माझी मलाच दिसली. ९० टक्के. उजव्या नसेत मध्यावर अजून एक, ६० टक्के. लेफ्ट मेन स्वच्छ होती. नवऱ्याला काचेपलीकडच्या खोलीत बोलावून दाखवलं. त्याने हातातली वही उघडून एवढंच विचारलं म्हणे, "उजवीकडची मोजणार ना?" डॉक्टर म्हणाले हो, आधी तीच.

प्रेशर वायर म्हणजे एक बारीक तार, एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास, टोकापाशी दाब मोजायची सोय. ब्लॉकच्या अलीकडे किती दाब आणि पलीकडे किती, त्याचा भागाकार करतात. मोजताना सलाईनमधून एक औषध देतात, ॲडेनोसिन, त्याने नसा पूर्ण सैल होतात, जणू जिना चढतोय अशी अवस्था. त्या दीड-दोन मिनिटांत छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं, धाप लागते, जीव घाबरा होतो. मला वाटलं झालं, गेले. सिस्टर कानाशी येऊन म्हणत राहिली की औषधाचं आहे, आत्ता जाईल. आणि खरंच थांबवल्यावर मिनिटभरात गेलं. आकडा आला ०.८७. ०.८० किंवा त्याच्या खाली असेल तर रक्त खरंच अडतंय असं धरतात. म्हणजे तो ६० टक्के दिसणारा ब्लॉक माझ्या हृदयाला फारसा अडवत नव्हता. स्टेंट नाही, गोळ्यांवरच ठेवायचा. नुसत्या डोळ्यांनी ठरवलं असतं तर आज कदाचित माझ्यात दोन स्टेंट असते.

मग डावीकडे. अरुंद जागेतून तार पलीकडे नेली, तिच्यावरून फुगा. डॉक्टर म्हणाले आता थोडं दुखेल, मला सांगा. बाजूला एक जण मोठ्याने आकडे म्हणत होता, सहा, आठ, दहा, बारा, हा वातावरणाच्या हिशोबातला दाब, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो म्हणजे बघा. आणि फुगा फुगलेला असताना त्या पंधरा-वीस सेकंदांत माझा जबडा आवळला. तोच. दोन्ही बाजूंनी, गळ्यापाशी अडकल्यासारखं, डिट्टो ऑफिसच्या जिन्यावरचं. मी ओरडलेच, "हेच! हेच ते! हेच होतं!" फुगा सोडला आणि ते विरघळून गेलं. तीन महिने मी ज्याला दात, पित्त, वय, मनाचे खेळ म्हणत होते ते त्या एका जागेतून येत होतं, आणि आता त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मला दुखत होतं तरी इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

मग त्याच जागी स्टेंट बसवला, ३ मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर लांब, औषध लावलेला, म्हणजे जाळीवरून काही महिने औषध झिरपत राहतं, आतून परत पेशी वाढून जागा बुजू नये म्हणून. परत डाय सोडला, झाड परत उगवलं, आणि त्या फांदीचं बांधलेलं सुटलेलं होतं. सगळं धरून तास भरला नसेल.

नळी काढल्यावर रक्त येऊ नये म्हणून मनगटावर प्लॅस्टिकचा पारदर्शक पट्टा, त्यात सिरिंजने हवा भरलेली. दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन दोन मिलिलिटर हवा काढायची आणि वाकून त्या प्लॅस्टिकमधून बघत राहायची. तिसऱ्या वेळी आत लाल टिपका दिसला, पसरायला लागला, तिने घाई न करता हवा परत भरली, माझ्या अंगठ्याची नाडी बघितली आणि म्हणाली, अर्धा तास अजून. डाय लघवीवाटे निघून जायला पाणी भरपूर प्यायला लावतात.

त्या रात्री शेजारच्या कॉटवर एक गृहस्थ होते, अटॅक आलेला, दुपारी आले होते. त्यांची बायको सांगत होती की दारातून थेट कॅथ लॅबमध्ये, तास-सव्वा तासात नस उघडली, विचारायला कुणाला वेळच नव्हता. माझ्या वहीचं वगैरे ऐकून कुणी त्या वेळेत प्रश्न विचारत बसू नका म्हणून हे मुद्दाम लिहितेय. पूर्ण बंद झालेल्या नसेमागे दर मिनिटाला स्नायू मरत असतो, हॉस्पिटलमध्ये आल्यापासून ९० मिनिटांच्या आत फुगा पोचावा अशी डॉक्टरांची धडपड असते, तिथे सही करा आणि बाजूला व्हा. पलीकडे एक मावशी होत्या, शुगर आणि तिन्ही नसांत ब्लॉक, त्यांना बायपास सांगितली होती, त्यांना वाटत होतं की आपली केस हाताबाहेर गेली म्हणून. तसं नसतं. शुगर असताना आणि अनेक ठिकाणी अडलेलं असताना बायपास जास्त टिकते, छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी घेऊन एलएडीला जोडतात ती तर बऱ्याच लोकांत दहा वर्षांनंतरही उत्तम चालू असते. मी त्यांना जमेल तसं सांगितलं, मग त्यांनी माझा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर अवघड गेलं ते शरीराचं नव्हे. हात कोपरापर्यंत हिरवा-निळा झाला होता तो पंधरा दिवसांत गेला. पण छातीत जरा टोचलं की मी उठून बसायचे, रात्री डाव्या कुशीवर झोपायची भीती, आंघोळ करताना रडू यायचं, आणि सगळे म्हणत होते अगं आता सगळं नीट झालंय ना. यातून मला बाहेर काढलं कार्डिॲक रिहॅबने. १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, छातीला वायरी लावून परत त्याच ट्रेडमिलवर चालायचं, समोर फिजिओ बसलेली. पहिल्या दिवशी १०५ ठोक्यांना मी घाबरून बार घट्ट धरला होता. सहाव्या आठवड्यात १२८ झाले तरी बोलत बोलत चालत होते. तुमच्याकडे कुणी सुचवलं नाही तर स्वतः विचारा, मलाही डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, मीच विचारलं.

आणि गोळ्या. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. स्टेंट नवा असताना त्या जाळीवर गुठळी धरली तर नस एका झटक्यात बंद होऊ शकते, ते फार वाईट. तिसऱ्या महिन्यात माझी दाढ काढायची वेळ आली आणि डेंटिस्ट सहज म्हणाले, रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या. मी हो म्हणून निघाले सुद्धा. पार्किंगमध्ये वही आठवली, आतल्या पानावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'या दोन गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही सांगितलं तरी बंद नाही.' फोन केला. डॉक्टर म्हणाले अजिबात थांबवायच्या नाहीत, डेंटिस्टना माझ्याशी बोलू दे. दोघं बोलले, दोन्ही गोळ्या चालू ठेवून दाढ काढली, टाका घातला, बोळा तासभर जास्त दाबून धरावा लागला एवढंच. डेंटिस्टनी नंतर स्वतःहून सांगितलं की पुढे असे पेशंट आले तर आधी फोन करीन, मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला.

एलडीएल आता ५८ आहे, एक जास्तीची गोळी घालून ५५ च्या खाली आणायचंय. जबडा त्या दिवसानंतर एकदाही आवळला नाही.

पुढच्या महिन्यात सहा महिने होतील, भेट ठरलीय. वहीत दोन प्रश्न लिहून झालेत. क्लोपिडोग्रेल आता थांबवायची की अजून चालू ठेवायची, आणि त्या उजवीकडच्या ६० टक्क्यांचं काय, तो वाढतोय का हे मला कशावरून कळणार.